थॉमस विलिस

थॉमस विलिस (जन्म : २७ जानेवारी १६२१, ग्रेट बेडविन, विल्टशायर, इंग्लंड, मृत्यू : ११ नोव्हेंबर १६७५, लंडन) हे सतराव्या शतकातील इंग्लिश वैद्य, शरीररचनाशास्त्रज्ञ आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील निसर्गतत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. मेंदू आणि मज्जासंस्था यांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या संशोधकांमध्ये त्यांची गणना होते. मेंदूच्या तळाशी असलेले रोहिण्यांचे (धमन्यांचे) कडे त्यांच्या नावावरून ‘विलिसचे वर्तुळ’ म्हणून ओळखले जाते. मज्जासंस्थेच्या शास्त्राला आज जगभर वापरला जाणारा ‘न्यूरॉलॉजी’ हा शब्दही त्यांनीच घडवला.

रात्री अंथरुणाला पाठ टेकताच पायांत उठणारी असह्य चुळबुळ आणि त्यामुळे होणारा निद्रानाश या विकाराचे वैद्यकातील पहिले स्पष्ट वर्णन विलिस यांच्या १६७२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळते. या विकाराला आज ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ किंवा ‘विलिस–एकबॉम विकार’ असे म्हणतात. विलिस यांनी तो शरीराचा विकार मानला, त्याचा संबंध रक्ताशी व मज्जातंतूंशी जोडला आणि त्यावर गुणकारी ठरलेल्या उपचाराची नोंदही केली. मात्र पुढील पावणेतीनशे वर्षे या नोंदीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

बालपण आणि शिक्षण

विलिस यांचा जन्म विल्टशायर परगण्यातील ग्रेट बेडविन या गावी झाला. त्यांचे कुटुंब पुढे ऑक्सफर्डजवळील नॉर्थ हिंक्सी येथे राहू लागले. ऑक्सफर्डमधील एडवर्ड सिल्व्हेस्टर यांच्या शाळेत त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. १६३७ मध्ये त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठातील ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १६३९ मध्ये बी.ए. व १६४२ मध्ये एम.ए. या पदव्या मिळवल्या.

घरची परिस्थिती बेताची असल्याने विद्यार्थिदशेत ते ख्राइस्ट चर्चमधील धर्मोपदेशक थॉमस आइल्स यांच्या घरी सेवक म्हणून काम करीत. आइल्स यांच्या पत्नीला औषधोपचारांची चांगली माहिती होती आणि त्या रुग्णांना औषधे देत. या कामात विलिस त्यांना मदत करीत. औषधे तयार करण्याचा त्यांचा पहिला अनुभव विद्यापीठातील नव्हे, तर या घरातील होता. आरंभी त्यांचा कल धर्मशास्त्राकडे होता व चर्चमध्ये सेवा करण्याचा त्यांचा विचार होता. परंतु देशातील राजकीय उलथापालथीमुळे तो मार्ग बंद झाला.

यादवी युद्ध

१६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध सुरू झाले. राजाने ऑक्सफर्ड येथे आपले ठाणे केले व त्या शहराला लष्करी छावणीचे रूप आले. दाटीवाटीने राहणाऱ्या सैनिकांत आणि नागरिकांत तापाची साथ पसरली. याच काळात, १६४३ मध्ये, विलिस यांच्या वडिलांचे निधन झाले व कुटुंबाची जबाबदारी त्यांच्यावर आली. विलिस हे राजाच्या पक्षाचे निष्ठावान समर्थक होते. विद्यापीठातील लोकांच्या पलटणीत भरती होऊन त्यांनी राजाच्या बाजूने शस्त्रही धरले. या साथीच्या वेळी केलेली निरीक्षणे त्यांनी पुढे तापावरील आपल्या ग्रंथात वापरली.

१६४६ मध्ये ऑक्सफर्ड पार्लमेंटच्या ताब्यात गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस विलिस यांना वैद्यकाची पदवी मिळाली. युद्धामुळे त्यांचे औपचारिक वैद्यकीय शिक्षण फारच थोडे झाले होते. प्राचीन ग्रंथांचे वर्षानुवर्षे पठण करण्याची तत्कालीन पद्धत त्यांच्या वाट्याला पूर्णपणे आली नाही. परिणामी गेलन व अन्य प्राचीन ग्रंथकारांच्या मतांपेक्षा रुग्णाजवळ बसून केलेल्या निरीक्षणावर त्यांचा भर राहिला, असे अनेक अभ्यासक मानतात.

ऑक्सफर्डमधील व्यवसाय

विलिस यांच्या वैद्यकीय व्यवसायाची सुरुवात साधी होती. ते ॲबिंग्डनसारख्या आसपासच्या गावांच्या बाजारात जात, लोकांनी आणलेल्या मूत्राचे नमुने तपासत व औषध सांगत. १६५० ते १६५२ या काळातील त्यांची रुग्णनोंदवही आजही उपलब्ध आहे. शेतकरी, मजूर, कारागीर आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या आजारांचे तपशील तीत आढळतात.

१४ डिसेंबर १६५० रोजी घडलेल्या एका घटनेने त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले. ॲन ग्रीन नावाच्या तरुण मोलकरणीला नवजात अर्भकाच्या हत्येच्या आरोपावरून ऑक्सफर्ड येथे फाशी देण्यात आले होते. तिचे शव विच्छेदनासाठी विल्यम पेटी यांच्याकडे आणले गेले. शवपेटी उघडल्यावर ती श्वास घेत असल्याचे पेटी व विलिस यांच्या लक्षात आले. दोघांनी विच्छेदनाचा विचार सोडून तिच्यावर उपचार केले. शरीराला ऊब देणे, उत्तेजक पेये पाजणे आणि तत्कालीन पद्धतीप्रमाणे रक्त काढणे असे हे उपचार होते. ती पूर्ण बरी झाली, तिला क्षमा मिळाली व पुढे तिने संसारही केला.

पार्लमेंटच्या राजवटीत अँग्लिकन पंथाच्या प्रार्थनांवर बंदी होती. विलिस यांनी ऑक्सफर्डमधील आपल्या निवासस्थानी, प्रथम ख्राइस्ट चर्चमध्ये व नंतर मर्टन रस्त्यावरील बीम हॉल या घरात, अशा प्रार्थना चालू ठेवण्यास आश्रय दिला. १६५७ मध्ये त्यांनी ख्राइस्ट चर्चचे माजी प्रमुख सॅम्युएल फेल यांची कन्या मेरी हिच्याशी विवाह केला. तिचे बंधू जॉन फेल पुढे ऑक्सफर्डचे बिशप झाले.

याच काळात ऑक्सफर्डमध्ये प्रयोगांवर भर देणाऱ्या अभ्यासकांचा एक गट एकत्र येत असे. रॉबर्ट बॉइल, ख्रिस्तोफर रेन, विल्यम पेटी आदींचा त्यात समावेश होता. विलिस या गटाचे सदस्य होते आणि तरुण रॉबर्ट हुक यांनी काही काळ त्यांचे साहाय्यक म्हणून काम केले. या गटातील अनेक जण पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीचे आरंभीचे सदस्य झाले. विलिसही त्यांपैकी एक होते. आंबण्याची क्रिया, ताप आणि मूत्र या विषयांवरील विलिस यांचा पहिला ग्रंथ १६५९ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्राध्यापकपद आणि मेंदूची रचना

१६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स गादीवर आला. राजनिष्ठ विलिस यांची त्याच वर्षी गिल्बर्ट शेल्डन यांच्या पाठिंब्याने ऑक्सफर्डमधील निसर्गतत्त्वज्ञानाच्या सेडली अध्यासनावर नियुक्ती झाली. ॲरिस्टॉटलचे ग्रंथ शिकवणे ही या पदाची परंपरा होती. विलिस यांनी मात्र आपल्या व्याख्यानांत मेंदू, मज्जातंतू, झोप, झटके आणि वेडेपणा असे विषय घेतले. त्यांची व्याख्याने ऐकणाऱ्यांत जॉन लॉक हेही होते. लॉक आणि रिचर्ड लोअर यांनी घेतलेल्या टिपणांवरून ही व्याख्याने आज माहीत आहेत.

आत्म्याच्या व्यापारांविषयी व्याख्याने देताना केवळ तर्क पुरेसा नाही, तर मेंदू प्रत्यक्ष उघडून पाहिला पाहिजे, या निष्कर्षाला विलिस आले. त्यांनी माणसांच्या व अनेक प्राण्यांच्या मेंदूंचे विच्छेदन केले. पूर्वी मेंदू कवटीतच ठेवून वरून थराथराने कापला जाई. विलिस व लोअर यांनी तो कवटीतून अखंड बाहेर काढून तळाकडून पाहण्यावर भर दिला. त्यामुळे मज्जातंतूंची मुळे व रोहिण्यांची मांडणी स्पष्ट दिसू लागली. १६६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेरेब्री ॲनाटोमे’ (मेंदूची शरीररचना) या लॅटिन ग्रंथात हे संशोधन आले. विच्छेदनाचे बरेच काम लोअर यांनी केले व अनेक आकृत्या ख्रिस्तोफर रेन यांनी काढल्या. या साहाय्याचा उल्लेख विलिस यांनी प्रस्तावनेत केला आहे.

मेंदूच्या तळाशी रोहिण्या एकमेकींना जोडलेल्या असतात, हे विलिस यांच्या आधीही काही शरीररचनाशास्त्रज्ञांनी पाहिले होते. विलिस यांनी या कड्याचे पूर्ण चित्र दिले व त्याचे कार्यही सांगितले. एका बाजूची रोहिणी बंद पडली तरी दुसऱ्या बाजूने मेंदूला रक्त मिळत राहते, हे त्यांनी रोहिणीत रंगीत द्रव सोडून दाखवले. मानेतील एक मुख्य रोहिणी पूर्ण बंद असूनही अर्धांगवायू न झालेल्या एका माणसाच्या शवविच्छेदनाचा दाखलाही त्यांनी दिला. कवटीतून निघणाऱ्या मज्जातंतूंची त्यांनी केलेली नऊ जोड्यांची विभागणी शंभराहून अधिक वर्षे प्रचलित होती. मेंदूतील ‘कॉर्पस स्ट्रायटम’ या भागाचे वर्णन करून त्याचा हालचालींशी संबंध असल्याचे मतही त्यांनी मांडले.

लंडनमधील वर्षे

लंडनच्या भीषण आगीनंतर, १६६६–६७ च्या सुमारास, विलिस लंडनला गेले आणि सेंट मार्टिन्स लेन येथे राहू लागले. त्यांना लंडनला येण्यास सुचवणारे शेल्डन आता कँटरबरीचे आर्चबिशप होते. लवकरच विलिस यांची गणना शहरातील सर्वाधिक मागणी असलेल्या वैद्यांत होऊ लागली. झटके व अपस्मार यांवरील त्यांचा ग्रंथ १६६७ मध्ये आला. हिस्टेरिया हा गर्भाशयाचा विकार आहे, ही प्राचीन काळापासूनची समजूत त्यांनी नाकारली. त्या विकाराचे मूळ मेंदू व मज्जातंतूंत आहे, असे त्यांनी १६७० च्या ग्रंथात आग्रहाने मांडले.

ही वर्षे वैयक्तिक जीवनात दुःखाची होती. त्यांची अनेक मुले लहानपणीच दगावली आणि १६७० मध्ये पत्नी मेरी यांचे निधन झाले. १६७२ मध्ये त्यांनी एलिझाबेथ कॅली यांच्याशी दुसरा विवाह केला. त्याच वर्षी त्यांचा ‘डी ॲनिमा ब्रुटोरम’ (प्राण्यांच्या आत्म्याविषयी) हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

निद्रेविषयीचे विचार

‘डी ॲनिमा ब्रुटोरम’ या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात आत्म्याचा सिद्धान्त आहे. माणसात अमर असा विवेकी आत्मा असतो; त्याखेरीज प्राणी व माणूस या दोघांतही एक शारीर आत्मा असतो, असे विलिस मानत. या शारीर आत्म्याचा एक अंश रक्तात व दुसरा मेंदू आणि मज्जातंतूंत वावरतो, अशी त्यांची मांडणी होती. मज्जातंतूंतून वाहणाऱ्या अतिसूक्ष्म द्रव्याला त्या काळच्या वैद्यकात प्राणतत्त्व म्हटले जाई. हे प्राणतत्त्व मोठ्या मेंदूत विसावले म्हणजे झोप लागते आणि लहान मेंदूतील प्राणतत्त्व मात्र काम करीत राहते, म्हणून झोपेतही श्वास व हृदय चालू राहतात, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले.

या विभागणीचा उपयोग असा झाला, की विवेकी आत्म्याचा विचार धर्मशास्त्राकडे राहिला आणि शारीर आत्म्याचे बिघाड वैद्याच्या अखत्यारीत आले. ग्रंथाचा दुसरा भाग याच बिघाडांना वाहिलेला आहे. डोकेदुखी, अतिनिद्रा, बेशुद्धी, निद्रानाश, झोपेत छाती दाबल्याचा भास, भोवळ, पक्षाघात, उदासीनता आणि वेड यांवर त्यात स्वतंत्र प्रकरणे आहेत. झोप न येणे आणि झोप अति येणे या दोन्ही तक्रारींना त्यांनी स्वतंत्र विकारांचे स्थान दिले.

पायांच्या अस्वस्थतेचे वर्णन

निद्रानाशाच्या विवेचनात विलिस यांनी रुग्णांच्या एका वेगळ्या गटाची नोंद केली. हे लोक झोपायच्या तयारीने अंथरुणावर पडतात आणि लगेच त्यांच्या हातापायांत स्नायूंचे उडणे व आखडणे सुरू होते. त्याबरोबर अशी अस्वस्थता येते, की हातपाय सतत हलवत व फेकत राहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अशा माणसाला झोप येणे किती अशक्य असते हे सांगण्यासाठी विलिस यांनी छळाच्या जागी सापडलेल्या माणसाची उपमा योजली.

या छोट्या परिच्छेदात आजच्या निदानाच्या कसोट्यांपैकी कित्येक आढळतात. सध्या हा विकार ठरवताना पुढील गोष्टी पाहिल्या जातात : पाय हलवण्याची अनावर इच्छा होणे व त्यासोबत बहुधा पायांत विचित्र, नकोशा संवेदना जाणवणे, बसल्यावर किंवा पडल्यावर त्रास सुरू होणे वा वाढणे, चालल्याने किंवा पाय ताणल्याने तेवढ्यापुरता आराम मिळणे, संध्याकाळी व रात्री त्रास अधिक असणे, आणि ही लक्षणे दुसऱ्या एखाद्या कारणाने, उदाहरणार्थ पायात गोळे आल्याने किंवा सांध्यांच्या आजाराने, आलेली नसणे. विश्रांतीच्या वेळी होणारा त्रास, हालचालीची अनिवार्यता आणि त्यातून हिरावली जाणारी झोप या तीन गोष्टी विलिस यांनी नेमक्या टिपल्या. झोपेत पाय ठरावीक अंतराने झटकले जातात, ही या विकाराच्या बहुसंख्य रुग्णांत आढळणारी गोष्टही त्यांच्या वर्णनातील स्नायूंच्या उडण्याशी जुळते. मात्र पायांतील वळवळ, मुंग्या किंवा हाडांत खोलवर जाणवणारी ओढ यांसारख्या संवेदनांचे तपशील त्यांच्याकडे नाहीत. ते पुढे विसाव्या शतकात नोंदले गेले.

लॉडेनमचा उपचार

विलिस यांनी या संदर्भात एका उच्चकुलीन स्त्रीची हकिकत दिली आहे. रात्रीच्या या त्रासामुळे तिची झोप पूर्णपणे हिरावली गेली होती. विलिस यांनी तिला लॉडेनम, म्हणजे अफूपासून केलेले औषध, दिले. आरंभी ती ते आठवड्यातून दोनदा घेई. पुढे जवळजवळ तीन महिने रोज घेऊ लागली. एवढ्या काळात तिच्या मेंदूवर किंवा शरीराच्या अन्य कार्यांवर काही अपाय झाल्याचे विलिस यांना दिसले नाही. दरम्यान रक्त व मज्जारस यांतील दोष सुधारण्यासाठी त्यांनी इतर औषधे चालू ठेवली. त्यांचा गुण आल्यावर अफू थांबवण्यात आली आणि तिच्याशिवायही त्या स्त्रीला बऱ्यापैकी झोप येऊ लागली.

त्या काळी लॉडेनम हे नवे औषध नव्हते. वेदना, खोकला, जुलाब आणि निद्रानाश अशा अनेक तक्रारींवर ते दिले जाई. विलिस यांच्या नोंदीचे महत्त्व औषधाच्या नावापेक्षा त्यांच्या पद्धतीत आहे. त्यांनी विकार ओळखला, औषधाची वारंवारता नोंदवली, दीर्घकाळ वापराने अपाय होतो का हे पाहिले, मूळ दोषावर स्वतंत्र उपचार केला आणि गरज संपताच अफू बंद केली. अफू हे लक्षण दाबणारे औषध आहे व रोगाचे मूळ अन्यत्र आहे, हा भेद त्यांनी पाळला. अफूचे धोकेही त्यांना ठाऊक होते. औषधे शरीरात कशी कार्य करतात याचा विचार करणाऱ्या ‘फार्मास्युटिस रॅशनॅलिस’ या अखेरच्या ग्रंथात त्यांनी अफूचे गुण व दोष या दोहोंची चर्चा केली.

अर्थात एका रुग्णाच्या अनुभवावरून काढलेल्या निष्कर्षाला मर्यादा आहेत. प्राणतत्त्व आणि मज्जारस यांविषयीचे त्यांचे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. रक्त काढण्यासारखे तत्कालीन उपचारही ते सर्रास करीत.

अन्य वैद्यकीय नोंदी

विलिस यांची इतर काही निरीक्षणेही वैद्यकाच्या इतिहासात महत्त्वाची मानली जातात. मधुमेहाच्या रुग्णांचे मूत्र मध किंवा साखर मिसळल्यासारखे गोड लागते, ही त्यांची नोंद युरोपीय वैद्यकात महत्त्वाची ठरली. भारतात चरक व सुश्रुत यांच्या संहितांत हे लक्षण कितीतरी आधी वर्णिलेले होते आणि मधुमेह हे नावच त्यावरून आले आहे.

सकाळी नीट बोलू शकणारी, परंतु बराच वेळ बोलल्यावर वाचा पूर्णपणे हरवणारी एक स्त्री त्यांनी वर्णिली आहे. हे ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’ या स्नायूंच्या विकाराचे पहिले वर्णन समजले जाते. अतिझोपेच्या तक्रारीवर ते कॉफीची शिफारस करीत व अशा रुग्णांना औषधविक्रेत्यापेक्षा कॉफीगृहात पाठवणे पसंत करीत. पायांच्या अस्वस्थतेच्या रुग्णांना आज मात्र संध्याकाळनंतर कॉफी टाळण्याचा सल्ला दिला जातो.

मृत्यू

११ नोव्हेंबर १६७५ रोजी, संत मार्टिनच्या सणाच्या दिवशी, फुप्फुसाच्या विकाराने विलिस यांचे लंडन येथे निधन झाले. त्या वेळी ते ५४ वर्षांचे होते. वेस्टमिन्स्टर ॲबे येथे त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचे नातू, इतिहास-संशोधक ब्राउन विलिस, यांनी आजोबांच्या स्मरणार्थ बकिंगहॅमशायरमधील फेनी स्ट्रॅटफर्ड येथे संत मार्टिनच्या नावाने चर्च बांधवले. विलिस यांच्या ग्रंथांचे सॅम्युएल पोर्डेज यांनी केलेले इंग्रजी अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. ‘डी ॲनिमा ब्रुटोरम’चा अनुवाद १६८३ मध्ये आला.

विस्मरण आणि पुनर्शोध

विलिस यांचे वर्तुळ वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत झाले. पायांच्या अस्वस्थतेवरील परिच्छेद मात्र मागे पडला. १८६१ मध्ये जर्मन वैद्य थिओडोर विटमाक यांनी हीच तक्रार पुन्हा वर्णिली. परंतु तिला नडग्यांची चिंता अशा अर्थाचे लॅटिन नाव देऊन त्यांनी ती हिस्टेरियाशी जोडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील जॉर्ज बिअर्ड यांनी तिचा समावेश मज्जातंतूंच्या दुर्बलतेच्या लक्षणांत केला. तपासणीत पाय पूर्णपणे निरोगी दिसत असल्याने अशा रुग्णांना भित्रे किंवा कल्पनेने आजारी समजले जाण्याचा संभव मोठा होता. विलिस यांनी जी तक्रार शरीराची म्हणून नोंदवली होती, ती अशा रीतीने रुग्णाच्या स्वभावाच्या खात्यात जमा झाली.

ही दिशा बदलली ती स्वीडनमधील मज्जासंस्थातज्ज्ञ कार्ल-ॲक्सेल एकबॉम (१९०७–१९७७) यांच्या कामामुळे. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी अनेक रुग्णांच्या आधारे या विकाराचे तपशीलवार वर्णन केले आणि ‘रेस्टलेस लेग्ज’ हे नाव दिले. हा विकार दुर्मीळ नसून डॉक्टरांच्या नजरेतून निसटतो, तो कुटुंबांत चालत येतो आणि गर्भारपण व लोहाची कमतरता यांच्याशी त्याचा संबंध आहे, या गोष्टी त्यांच्या कामातून पुढे आल्या. १९५० च्या दशकात स्वीडनमधीलच नील्स-ब्रागे नॉर्डलँडर यांनी शिरेतून लोह दिल्यास अनेक रुग्णांना आराम पडतो, असे दाखवले. रक्तात पंडुरोगाची चिन्हे नसतानाही ऊतींमध्ये लोह कमी असू शकते, अशी त्यांची कल्पना होती. २००० नंतर मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाच्या आणि मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांच्या अभ्यासांतून या रुग्णांच्या मेंदूत लोहाची पातळी कमी असल्याचे पुरावे मिळाले. २००७ मध्ये विकाराशी निगडित काही जनुकीय बदलही सापडले.

विलिस आणि आजचे उपचार

१९८२ मध्ये तुर्कस्तानातील सेव्हकेत अकपिनार यांनी कंपवातावरील लेव्होडोपा हे औषध या विकारावरही गुणकारी असल्याचे नोंदवले. त्यातून डोपामिन या मेंदूतील रसायनावर कार्य करणाऱ्या औषधांचे पर्व सुरू झाले. रोपिनिरोल व प्रामिपेक्सोल या औषधांना २००५ व २००६ मध्ये अमेरिकेत या विकारासाठी मान्यता मिळाली. आरंभी ही औषधे फार परिणामकारक वाटतात. परंतु काही वर्षांत अनेक रुग्णांमध्ये त्रास दिवसा लवकर सुरू होतो, अधिक तीव्र होतो आणि हातांतही पसरतो. औषधानेच विकार बळावण्याच्या या प्रकाराकडे १९९६ पासून विशेष लक्ष वेधले गेले. अनावर जुगार किंवा खरेदी यांसारखे दुष्परिणामही काही रुग्णांत आढळले.

त्यामुळे उपचारांचा क्रम बदलला. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रथम रक्तातील फेरिटिन व अन्य लोहनिर्देशक तपासावेत आणि गरजेप्रमाणे तोंडाने किंवा शिरेतून लोह द्यावे. त्रास वाढवणारी कारणे, उदाहरणार्थ मद्य, कॅफीन, काही ॲलर्जीविरोधी व नैराश्यविरोधी औषधे आणि उपचार न झालेला झोपेतील श्वासरोध, दूर करावीत. औषधांत गाबापेंटिन, प्रीगाबालिन व त्या वर्गातील औषधांना प्राधान्य असून डोपामिनवर्गीय औषधांचा नेहमीचा वापर करू नये, असे या सूचना सांगतात. अफूवर्गीय औषधांची शिफारस त्यांत सशर्त आहे. ती प्रामुख्याने इतर उपचारांनी गुण न आलेल्या तीव्र विकारात, अल्प मात्रेत व वैद्यकीय देखरेखीखाली दिली जातात, कारण त्यांत व्यसन आणि श्वास मंदावण्याचा धोका असतो.

अशा प्रकारे विलिस यांनी वापरलेल्या औषधाच्या वर्गाला साडेतीन शतकांनंतरही या विकाराच्या उपचारांत मर्यादित, परंतु निश्चित स्थान आहे. रक्तातील दोष सुधारल्याशिवाय केवळ झोपेचे औषध पुरेसे नाही, हा त्यांचा क्रम आजच्या लोह तपासणीशी जुळतो. मात्र विलिस यांना लोहाची कमतरता माहीत होती, असा अर्थ यावरून काढता येत नाही. त्यांची रक्तदोषाची कल्पना त्यांच्या काळातील रसायनविचारांवर आधारलेली होती.

वारसा

मज्जासंस्थेच्या अभ्यासाचे एक प्रवर्तक म्हणून विलिस यांचे स्थान निर्विवाद आहे. एकविसाव्या शतकात पायांच्या अस्वस्थतेच्या विकाराला विलिस व एकबॉम यांचे नाव देण्याची सूचना पुढे आली. मूळ नाव ऐकणाऱ्याला किरकोळ वाटते व त्यामुळे रुग्णांचा त्रास गांभीर्याने घेतला जात नाही, हे त्यामागचे एक कारण होते. दोन्ही नावे आज वापरात असली तरी ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ हेच नाव अधिक रूढ आहे. रात्रभर घरात येरझारा घालणाऱ्या माणसाचे दुखणे खरे आहे आणि त्यावर उपाय होऊ शकतो, ही गोष्ट वैद्यकाच्या ग्रंथात प्रथम नोंदवण्याचे श्रेय विलिस यांच्याकडे जाते.

ग्रंथसंपदा

विलिस यांचे सर्व प्रमुख ग्रंथ लॅटिन भाषेत आहेत.

- डायट्रिबे डुए मेडिको-फिलॉसॉफिके (१६५९) – आंबण्याची क्रिया, ताप आणि मूत्र
- सेरेब्री ॲनाटोमे (१६६४) – मेंदू व मज्जातंतूंची रचना
- पॅथॉलॉजिए सेरेब्री (१६६७) – झटके व अपस्मार
- हिस्टेरिया व हायपोकॉन्ड्रिया यांवरील ग्रंथ (१६७०)
- डी ॲनिमा ब्रुटोरम (१६७२) – शारीर आत्मा, झोप आणि मेंदूचे विकार
- फार्मास्युटिस रॅशनॅलिस (दोन भाग, १६७४ व १६७५) – औषधांचे कार्य